वर निखारे, खाली निखारे

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याची टिंगल करणारी एक कविता त्याच्या हयातीतच त्या देशात गाजली होती. ‘पीटर पिंडर’ हे टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्या जॉन वुलकॉटने ती रचली. शिकारीच्या नादात राजेसाहेब एका म्हातारीच्या खोपटात शिरतात. तिथे कणकेचे गोळे मांडून ठेवलेले असतात आणि प्रत्येक गोळ्याच्या पोटात सफरचंद असते. राजेसाहेब गोळा हातात घेऊन उलटसुलट करून पाहतात. शिवण कुठेच दिसत नाही. मग हे फळ आत शिरले कसे, या कोड्याने ते पुरते हैराण होतात. सांगलीकडच्या वाचकाला या विनोदातली खोच समजायला क्षणभर वेळ लागेल. पटवर्धनांच्या गणपतीच्या या मुलखात पारीच्या पोटात सारण कसे जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

इंग्रजीत या गोळ्याला डंपलिंग म्हणतात. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. करंजी म्हणावी तर तो आकार नाही, मोदक म्हणावा तर कळ्या नाहीत. तरी ‘सफरचंदाचा मोदक’ हेच नाव मला त्यातल्या त्यात बरे वाटते, कारण कृतीचे मर्म त्यात आले आहे. पाककृती सांगणारे या पदार्थामागे ‘सोपा’ हे विशेषण हटकून लावतात. सफरचंद सोला, मधला गाभा पोखरा, पोकळीत गूळ, दालचिनी आणि बेदाणे भरा, मैद्याच्या पारीत गुंडाळा आणि भाजा. आमच्या कुपवाडातल्या एखाद्या घरात आज हे सारे दीड तासात उरकते, हे खरे. पण त्या दीड तासामागे शंभर-सव्वाशे वर्षांची ओढाताण आहे, आणि ती फळापेक्षा किंवा भट्टीपेक्षा शिवाशिवीची अधिक आहे. भाजायचे कसे, हा प्रश्न आपल्याकडे कधीच फारसा अवघड नव्हता. कोणी भाजलेले कोणी खायचे, हा होता.

खुद्द इंग्लंडातही हा पदार्थ मुळात भाजण्याचा नव्हे. हॅना ग्लास या बाईंचे पाकशास्त्राचे पुस्तक १७४७ साली निघाले. त्या काळची रीत म्हणजे सफरचंद पारीत गुंडाळायचे, फडक्यात बांधायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. कारण उघड आहे. गरिबाच्या घरात चूल असे, भट्टी नसे. भट्टी गावातल्या पाववाल्याकडे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घरोघर बिडाच्या शेगड्या आल्या, त्यांच्या पोटात भाजण्याचा कप्पा असे, आणि उकडीचा गोळा भाजका झाला. पेन्सिल्व्हेनिया प्रांतातल्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांनी तो विशेष आपलासा केला. आपल्याकडे उकडीचा मोदक आणि तळणीचा मोदक असे दोन संप्रदाय आहेत आणि कोकणस्थ-देशस्थांचे त्यावरून वाद झडतात. तसाच हा प्रकार. इंधन आणि भांडे बदलले की देवाचा नैवेद्यही बदलतो.

आता फळाकडे वळू. ‘सफरचंद’ या शब्दात चंद्र कुठेही नाही. अरबीत ‘सफरजल’ म्हणजे बिहीचे फळ, ज्याचे बी आपल्याकडे खोकल्यावर बिहीदाणा म्हणून देतात. ते नाव पश्चिम किनाऱ्यावर उतरले, गुजरातीत ‘सफरजन’ झाले, मराठीत ‘सफरचंद’ झाले, आणि प्रवासात केव्हातरी बिहीऐवजी भलत्याच फळाला चिकटले. ज्या फळाचे नावही उसने, ते फळ आपल्या दख्खनच्या पठारावर बाहेरूनच यायचे. मिरजेला रेल्वे आली ती एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात. तिच्या पाठोपाठ १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे रुग्णालय उभे केले. या रुग्णालयाने मिरजेला वैद्यकाचे क्षेत्र बनवले, आणि दवाखान्यांच्या दारात फळवाल्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या. आमच्या भागात कित्येक पिढ्यांना सफरचंद भेटले ते आजाऱ्याच्या उशाशी, मोसंब्यांच्या शेजारी. धडधाकट माणसाने सफरचंद विकत घेऊन खाणे ही चैन, आणि ते शिजवणे म्हणजे तर शुद्ध उधळपट्टी! ज्या फळाच्या चार फोडी करून त्यातल्या तीन आजाऱ्याला द्यायच्या, ते फळ कणकेत कोण गुंडाळणार?

हे फळ स्वस्त आणि मुबलक होण्यामागे एका माणसाचा मोठा वाटा आहे. सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स हा फिलाडेल्फियाच्या सधन क्वेकर घराण्यातला तरुण १९०४ साली कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी हिंदुस्थानात आला, सिमल्याजवळ कोटगढला राहिला, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने अमेरिकेतून लाल डिलिशस जातीची कलमे आणवून लावली. हिमाचलात सफरचंद त्याच्या आधीही होते. कुलूच्या खोऱ्यात कॅप्टन ली याची बाग १८७० च्या सुमाराची. पण इंग्रजांनी लावलेल्या त्या जाती आंबट होत्या आणि हिंदी जिभेला रुचेनात. स्टोक्सची गोड सफरचंदे लोकांनी उचलून धरली. पुढे हा गृहस्थ स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेला, १९३२ साली हिंदू होऊन सत्यानंद झाला आणि १९४६ साली वारला. गोड फळाची त्याची निवड आपल्या सगळ्यांच्या कामी आली, फक्त या एका पदार्थाच्या नाही. भाजण्यासाठी सफरचंद आंबट आणि कडक हवे. लाल डिलिशस भट्टीत पिठूळ होते आणि बसते. पण त्याचा इलाज पुढे पाहू.

आणि भट्टी? पुष्कळांची समजूत अशी की भाजण्याची विद्या आपल्याला फिरंग्यांनी व इंग्रजांनी दिली. ती मला सर्वस्वी मान्य नाही. कोकणात नि गोव्यात काकडीची तवसळी करतात. तांदळाचा रवा, गूळ, किसलेली मोठी काकडी एकत्र करून पातेल्यात ओतायची, पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवायचे, वर झाकण आणि झाकणावर पुन्हा निखारे. कायस्थांचे भानोले असेच होते. गोव्याचे बिबिंक तर थरावर थर देत केवळ वरच्या निखाऱ्यांवर भाजतात. घाटावर रोडगे आणि बट्ट्या गोवऱ्यांच्या आरात पुरतात. साहेबाच्या बंगल्यातला खानसामा केक भाजायचा तोही याच रीतीने, डेगचीच्या झाकणावर कोळसे पेटवून. आज बाजारात मिळणारी विजेची भट्टी उघडून पाहावी. वर तापणाऱ्या दोन कांड्या, खाली दोन. तवसळी करणाऱ्या आजीला त्यात नवल वाटण्याजोगे काही सापडणार नाही.

म्हणजे फळ रेल्वेने आले होते, भट्टीची विद्या घरात होती. अडले होते ते मैद्यापाशी. भट्टीतला मैदा म्हणजे पाव, आणि पाव म्हणजे बाटणे. गोव्यात आणि वसईकडे पाव फुगवायला माडाची ताडी घालत, हे एक कारण झाले. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेले गाव बाटले, अशा गोष्टी किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. त्या खऱ्या किती ते सोडून द्या. गोष्ट सांगणाऱ्यांच्या मनात पावाची जागा कोणती होती, ते त्यातून कळते. राजेरजवाड्यांची गोष्ट निराळी. तंजावरच्या सरफोजीराजांच्या दरबारी पाकशास्त्रात इंग्रजी पदार्थांनाही जागा मिळाली होती. ज्याला वेगवेगळे मुदपाकखाने ठेवणे परवडते त्याला सोवळ्याची अडचण पडत नाही. ती पडते एका चुलीच्या घरात.

ही अडचण किती खोल होती याचा दाखला पुण्यातला आहे. १८९० साली पंचहौद मिशनच्या शाळेत एक व्याख्यान झाले आणि त्यानंतर जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी घेतले, कोणी नुसता हात लावला, कोणी बाजूला सारले. गोपाळराव जोशी यांनी जमलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. रानडे यांनीही १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि त्या निर्णयाने घरात काय घालमेल झाली ते रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. मैद्याच्या एका भाजक्या वडीपायी महाराष्ट्रातील दोन थोर पुढारी धर्मपीठापुढे उभे राहिले. आज आपण चहात बुडवून ती खातो तेव्हा हे ध्यानात राहत नाही.

या गोपाळरावांचे नाव घेतले की दुसरी एक आठवण टाळता येत नाही. त्यांच्याच पत्नी डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. फिलाडेल्फिया म्हणजे पेन्सिल्व्हेनिया, म्हणजे भाजक्या सफरचंदी गोळ्यांचे माहेरघर! पुढे स्टोक्सही तिथलाच निघावा हा योगायोगच. परदेशातही आनंदीबाईंनी शाकाहार आणि साडी सोडली नाही. त्या विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलीने थंडीच्या प्रदेशात आहाराचे किती हाल सोसले हे आठवले की मला गोपाळरावांच्या त्या यादीचा अधिकच राग येतो. ज्यांनी पत्नीला सातासमुद्रापार धाडले त्यांनीच पुण्यात बिस्किटाला हात लावणाऱ्यांची नावे छापावीत! गोपाळरावांचा हेतू ढोंग उघडे करण्याचा होता, असे त्यांचे चाहते म्हणतात. तसे असेलही. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत.

इकडे आमच्या दक्षिण महाराष्ट्रात अमेरिकन पद्धतीचा संसार आला तो मिशनच्या बंगल्यांतून. कोल्हापुरात १८५२ पासून, नंतर सांगलीत आणि मिरजेत. अशा बंगल्यांत काय, साहेबाच्या छावणीत काय, भाजण्याचे काम करणारे हात बहुधा देशीच असत. गोव्याचे, तमिळ मुलखातले, जवळच्या गावचे. हा स्वयंपाकी वर्ग आपल्या इतिहासात जवळजवळ अनामिक राहिला आहे. मडमांनी पुस्तके लिहिली, त्यांत ‘नोकराला असे सांगावे’ अशी वाक्ये आहेत. नोकराने काय सांगितले ते कोणी लिहून ठेवले नाही. वास्तविक कोळशाच्या निखाऱ्यावर मडमेच्या देशातला पदार्थ उतरवण्याचे डोके त्याचे.

घर आणि भट्टी यांच्यामध्ये जो पूल बांधला गेला तो बेकरीने, आणि तोही मोठ्या खुबीने. दिवाळीच्या आधी बायकामुले रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत जात. सामान घरचे, मळणारा बेकरीचा, नजर मात्र घरधनिणीची. किलोमागे ठरलेली मजुरी द्यायची, पत्र्याच्या तबकांतून निघालेली नानकटाई नि बिस्किटे पुन्हा त्याच डब्यात भरून आणायची. सांगली, मिरज, कोल्हापूरकडे हा दिवाळीचा ठरलेला सोहळा असे, आणि अजूनही काही ठिकाणी तो चालतो. आपले तूप असले की भट्टी कोणाची हे विचारायचे नाही, असा हा अलिखित तह होता. शास्त्राने न दिलेली मुभा तुपाने दिली. नंतर कर्नाटकातून अय्यंगार बेकऱ्या गावोगाव पसरल्या आणि पाटीवरच्या त्या एका शब्दाने, शिवाय बिनअंड्याच्या केकने, उरलीसुरली कुजबुजही थांबवली. पाटीवरच्या नावाला एवढे सामर्थ्य असावे हे काही भूषणावह नाही, पण तसे झाले खरे.

तरीही भट्टी घरात यायला आणखी एका गोष्टीची गरज होती, ती म्हणजे मापाची. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चुलीवरच्या स्वयंपाकात झाकण केव्हाही उघडता येते. आमटी पातळ झाली, आटवा. मीठ कमी पडले, घाला. म्हणून आपल्याकडे ‘अंदाज’ हीच विद्या ठरली, आणि ती सासूच्या किंवा आईच्या शेजारी उभे राहूनच यायची. भट्टीत एकदा पदार्थ ठेवला की हात बांधले गेले. चुकलेले प्रमाण नंतर सुधारत नाही. तिथे लिहिलेले माप लागते.

मराठीत छापील पाकशास्त्र आले ते १८७५ साली, रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’ या पुस्तकाने. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले. त्यात हजार पाकक्रिया आहेत. १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. त्या वाडीच्या शेजारीच कुंडल हे गाव, आणि १९१३ साली त्याच कुंडलला जन्मलेल्या, जेमतेम चौथीपर्यंत शिकलेल्या कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली किर्लोस्करांनीच प्रसिद्ध केले. लग्नानंतर सांगलीला आलेल्या कमलाबाई सासूच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. पुस्तकाच्या दीड लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याचे रहस्य त्यातल्या पदार्थांत जितके आहे तितकेच वाटी-चमच्यात आहे. शेर-छटाक गेले होते, ग्रॅम अजून घरात शिरले नव्हते, आणि तराजू कोणत्याच स्वयंपाकघरात नव्हता. वाटी मात्र प्रत्येक घरात होती. सासूकडून मिळालेला अंदाज या बाईंनी वाटीत मोजला आणि ज्यांना सासूचा शेजार नव्हता त्यांच्या हाती दिला.

असा शेजार नसलेल्या बायका पुढच्या काळात झपाट्याने वाढल्या. कुपवाडचेच पाहा. सांगली-मिरजेच्या कुशीतले हे गाव. औद्योगिक वसाहत झाली, दुष्काळी तालुक्यांतून आणि कर्नाटकातून कामकरी कुटुंबे आली, १९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड अशी एक महानगरपालिकाही झाली. दोन खोल्यांच्या संसारात वडीलधारे कोणी नाही, सोवळ्याची खुंटी नाही, आणि ‘हे आपल्यात करत नाहीत’ असे म्हणायलाही कोणी नाही. आधी ॲल्युमिनियमची, झाकणात काच बसवलेली गोल विजेची भट्टी आली, ती नसेल तिथे कढईत वाळू तापवून तीवर डबा ठेवला गेला. मग वर-खाली कांड्यांची चौकोनी भट्टी आली. विद्येची मुभा अशी हळूहळू घरात शिरली. एकटेपणाची किंमत देऊन मिळालेली ती मुभा आहे, हेही विसरू नये.

आता कृतीतली गोम. आपली सुगरण इथे फसते ती आपल्याच ज्ञानामुळे. करंजीच्या पिठाला आपण कडकडीत तुपाचे मोहन घालतो. तापलेले तूप पिठाच्या कणाकणाला माखते आणि पारी खुसखुशीत होते. सफरचंदाच्या मोदकाला उलटे हवे. लोणी घट्ट, थंड. दोन वाट्या मैद्यात पाऊण वाटी थंड लोण्याचे तुकडे, चिमूटभर मीठ, बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करायचे, गार पाण्याचे मोजके हबके मारून गोळा जुळवायचा, मळायचा नाही, आणि अर्धा तास थंड जागी ठेवायचा. भट्टीत लोणी वितळते, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्रे उचलते. साट्याच्या करंजीचे पदर सुटतात तेही अशाच अडवलेल्या तुपामुळे. म्हणजे दुसरी विद्याही घरातलीच, फक्त तिची आठवण वेगळ्या कपाटात ठेवलेली. उन्हाळ्यात कुपवाडात हे पीठ पहाटे करावे, दुपारी लोणी हातातच विरघळते.

आत घालायचे बेदाणे विकत आणायला दूर जायला नको. तासगावकडच्या द्राक्षांचा बेदाणा इथल्या शीतगृहांत थप्प्यांनी पडलेला असतो, आणि २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ घेतला तर वितळून त्याचा पाक दालचिनीत मिसळतो. जायफळ हवेच. ते उकडीच्या मोदकातही असते. स्टोक्सच्या गोड सफरचंदावरचा इलाज म्हणजे लिंबू. फळ पोखरल्यावर आतून-बाहेरून रस चोळायचा, आणि फळ लहान नि कडक निवडायचे. पारीच्या कडा दुधाने चिकटवून तोंड वर घ्यायचे, टोकाला सुरीने एक छेद द्यायचा, नाहीतर वाफ बाजू फोडते. दोनशे अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे. सुई आत सहज गेली की झाले. अमेरिकेत ‘सोप्या’ रीतीचा कळस म्हणून डब्यातले तयार पीठ फळाच्या फोडींभोवती गुंडाळतात आणि वरून लिंबू-सोड्याची बाटली ओततात. आपण बेकरीतून खारीचे कच्चे पीठ आणले तर तेही त्याच जातीचे होईल. होते चांगले, पण त्यात वनस्पती तूप असते आणि ते टाळ्याला चिकटते.

फळाचे रडगाणेही आता थोडे बदलत आहे. हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्यातले हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधून वाढवली. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्या जातीची झाडे मैदानी मुलखात पोचली, आणि आमच्या जतसारख्या पाण्याला पारख्या तालुक्यातही सफरचंदाच्या लहान बागा उभ्या राहिल्या आहेत. डोंगरातले सफरचंद श्रावणानंतर येते, हे मात्र जूनमध्येच उतरते. म्हणजे पहिल्या पावसाच्या सुमारास, जेव्हा कुपवाडात लोणी पुन्हा घट्ट राहू लागते.